खरखरीत रंगाचा जिना

आई, मागच्या अंगणातला लोखंडी जिना आज कापून काढला. तिरुवान्मियूरच्या आपल्या घराच्या जागी आता फ्लॅट होणार आहेत आणि पाडापाडीच्या आधी बिल्डरची माणसं लोखंड तेवढं वेगळं करून नेत होती. तुमच्या लेकाला सिरुसेरीच्या ऑफिसातून निघता आलं नाही. खरं तर त्याला ते बघायचंच नव्हतं, म्हणून मी एकटी गेले. जिन्याला धरून ठेवणाऱ्या भिंतीतल्या लोखंडी पट्ट्या कापल्या, तसा जिना एका बाजूला झुकला आणि दोरानं हळूहळू खाली घेतला. मी पेरुंगुडीच्या भाड्याच्या फ्लॅटवर परत आले, हातपाय धुतले, चहा केला, आणि तो तसाच ठेवून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं.

मी सांगलीहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, सासरी मराठीच बोलतात, म्हणजे निम्मं काम झालं. पहिल्याच सकाळी तुम्ही मला काही विचारलंत आणि मी नुसती बघत राहिले. तुमच्या तंजावूरकडच्या मराठीत शब्द ओळखीचे होते, चाल तमिळ होती, आणि मधेच 'असके' आणि 'कोणकी' असे शब्द यायचे, जे मी आयुष्यात ऐकले नव्हते. 'असके जेवले का' म्हणजे सगळे जेवले का, आणि 'कोणकी' म्हणजे कोणीतरी, हे मला कळायला बरेच दिवस लागले. तुम्हालाही माझी मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. तसं तुम्ही पाठीमागच्या घरात राहणाऱ्या तमिळ शेजारणीला, मामींना, सांगितलं होतंत, हे मला मामींनीच पुढे हसत हसत सांगितलं. तेव्हा तुमची नजर कडेकडेनं गेली होती, मधलं थोडं उरलं होतं. काचबिंदू. शाळेत नोकरी केलेली बाई, वर्गातल्या शेवटच्या बाकावरची कुजबुज ओळखणारी, आणि आता ताटातली कोशिंबीर कुठे आहे ते बोटानं चाचपत होतात. वर्षा-दोन वर्षांत उरलेलंही गेलं. एक दिवस पेपर उचलून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, आजपासून तू वाच.

स्वयंपाकघर मात्र तुम्ही सोडलं नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी उत्साहानं फडताळ आवरलं, डबे पुसले, चिंचेची बरणी खालच्या फळीवर ठेवली. दुपारी तुम्ही आंबट भाजीला चिंच घ्यायला हात घातलात तो मोकळ्या जागेत गेला. तुमचा हात तिथेच हवेत थांबलेला मला अजून दिसतो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "घर तुझंच आहे," म्हणालात, "पण वस्तू हलवलीस तर तोंडानं सांगत जा." तेवढंच. मला आजवर कुणी इतक्या कमी शब्दांत रागावलेलं नाही. त्यानंतर मी चमचा जरी हलवला तरी मोठ्यानं सांगायचे, आणि तुमचा लेक हसायचा की घरात कॉमेंट्री चालू आहे.

पण तुमचा खरा दिवस चार वाजल्यानंतर सुरू व्हायचा. उन्हं कलली की तुम्ही मागच्या जिन्यानं माडीवर, म्हणजे गच्चीवर जायचात. वाळत घातलेले कपडे, उन्हाळ्यात पापड आणि वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, ही निमित्तं होती. आपल्या घराची आणि मामींच्या घराची पाठ एकमेकींना लागून होती, पुढची दारं मात्र दोन वेगळ्या रस्त्यांवर. दारातून जायचं तर सगळा वळसा घालावा लागे. त्यामुळे तुमची सगळी मैत्री गच्चीच्या कठड्यावरून झाली. तुमचा लेक शाळेत होता तेव्हापासून. एक बाई या बाजूला, एक त्या बाजूला, मधे हातभर फट. मी पहिल्या वर्षी तमिळ न कळताच तुमच्यामागे कपड्यांची बादली घेऊन उभी राहायचे आणि मला आश्चर्य वाटायचं की घरात मोजून बोलणारी ही बाई इथे इतकी बोलते. भाजीचा भाव, कुणाच्या मुलीचं लग्न, सुनांच्या तक्रारी, मासिकातली गोष्ट पुढे काय झाली. मामी तुम्हाला 'नी' म्हणायच्या, तुम्ही त्यांना 'नी' म्हणायचात. एकेरी, अगदी 'अगं तू' असं. या गावात तुम्हाला अगं-तुगं करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तो जिना आधीपासून निसरडा होता. कुणीतरी कधी काळी त्याला चकचकीत हिरवा ऑइल पेंट लावला होता. दिसायला छान, पण कार्तिकातला पाऊस पडून गेला की त्याच्यावर पाण्याचा पातळ थर राहायचा आणि पाय ठेवला की सरकायचा. तुमची नजर पूर्ण गेली त्या पावसाळ्यात तुम्ही घसरलात. वरून खाली नाही, देवाची कृपा, मधल्याच पायरीवर बसलात, पण मांडी काळीनिळी झाली आणि हनुवटीला खोक पडली. तुमच्या लेकानं त्याच संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी साखळी लावून कुलूप घातलं. तुम्ही ते हातानं चाचपून पाहिलंत, साखळी, मग कुलूप, आणि आत येऊन जेवायला बसलात. जेवताना त्यानंच विषय काढला. म्हणाला, आई, तू वरून पडलीस तर काय करू मी? त्याचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. तुम्ही भात कालवत होतात. "पडले तर उचल," म्हणालात. "पण पडायच्या आधीच बांधून घालू नको." तो ताटावरून उठला. त्याच्या जागी मी असते तर मीही कुलूपच लावलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दोघंही खरं बोलत होतात, आणि मधे मी वाढायला उभी.

मी सुचवलं की मी हात धरून नेईन. तुम्ही एकदा मला नेऊ दिलंत. मी तुमचं कोपर घट्ट पकडलं आणि प्रत्येक पायरीला 'आता, आता' म्हणत होते. वर पोचल्यावर तुम्ही थकून कठड्याला टेकलात. तू धरलंस की माझा पाय विसरतो, म्हणालात. आणि मी तिथे उभी असताना तुम्ही मामींशी चार वाक्यंही धड बोलला नाहीत. मग मला समजलं की हात देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

माझी नोकरी तेव्हा पेरुंगुडीच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होती. रस्त्यावर उभ्या असतात त्या विजेच्या लोखंडी पेट्या आम्ही बनवायचो, आणि त्यांच्यावरचा रंग टिकतो की नाही हे बघणं माझं काम. मिठाच्या धुक्याच्या पेटीत रंगवलेले पत्रे टांगायचे, गच्चीवर उन्हात ठेवायचे, मग कुठे फोड आले, कुठे रंग सुटला ते पाहायचं. त्यात खरखरीत रंगाचा एक प्रकार होता. स्प्रेच्या डब्यात मिळतो, मारला की बारीक वाळूसारखा दाणेदार पृष्ठभाग होतो. पत्र्याचे पोचे आणि ओरखडे त्यात झाकले जातात म्हणून लोकांना आवडतो. पण मला त्याचा दुसरा गुण आठवला: त्याच्यावरून हात सरकत नाही. मग पायही सरकणार नाही. मी तुमच्या लेकाला सांगितलं, एक वर्ष मला करून बघू दे. तो 'सरी', म्हणजे बरं, म्हणाला; आपल्या घरात हा शब्द म्हणजे करारच.

पोंगल झाल्यावर पाऊस संपलेला आणि उन्हाळा अजून लांब, तेव्हा आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे तुम्ही आणि मी. डबे जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारातून आणले. तुम्ही खुर्ची घेऊन जिन्यापाशी बसलात आणि मला एकेक विचारत राहिलात. आता काय करतेस? तारेच्या ब्रशनं जुना रंग खरवडते. आता? गोड्या पाण्यानं धुते, समुद्राच्या वाऱ्याचं मीठ राहिलं तर वरचा रंग धरत नाही. आता? लाल प्रायमर. आज वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्प्रे मारायचा, दुपारी समुद्रावरून वारा सुटायच्या आत, नाहीतर निम्मा रंग मामींच्या साड्यांवर. तुम्ही हसलात. आणि मग आत जाऊन कपाटातून काहीतरी घेऊन आलात. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेला तो मोठा, बाजूनं झाकलेला काळा चष्मा. "तुझे डोळे संभाळ. मला आता याचं काही काम नाही." मी तो घातला. त्यातून जिना, अंगण, तुम्ही, सगळं तपकिरी दिसत होतं. मी त्यातून इकडे तिकडे बघत राहिले, आणि तुम्ही विचारलंत, आता काय करतेस? मी म्हणाले, डबा हलवतेय.

पहिल्या आणि शेवटच्या पायरीला जास्त जाड मार, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे सुरुवात आणि शेवट पायाला कळेल. मी तिथे एकावर एक थर दिले. हाताच्या कठड्यालाही सगळीकडे खरखरीत रंग दिला, आणि वळणापाशी थोडी जागा मुद्दाम गुळगुळीत सोडली. वाळल्यावर तुम्ही अनवाणी चढलात. मी खाली उभी, तुमचा लेक माझ्या शेजारी, त्याच्या हातात कुलूप तसंच. तुम्ही पहिल्या पायरीवर पाय घासलात, मग तळवा टेकलात, मग दुसरी. वळणाशी हात थांबला, ओळख पटली, पुढे निघालात. वरून मामींचा आवाज आला, इतक्या मोठ्यानं की रस्त्यावर ऐकू गेला असेल. तुमच्या लेकानं कुलूप खिशात घातलं आणि आत गेला. मी त्याच्या मागून गेले नाही. त्याला एकट्याला राहायचं होतं.

कारखान्यात मला लोक विचारायचे, अजूनही विचारतात, की हा डब्यातला खरखरीत रंग उन्हापावसात टिकतो का. त्याचं उत्तर मला आपल्या जिन्यानं शिकवलं. कठड्यावर तो छान टिकला. पायऱ्यांवर मात्र मधोमध, तुमचा पाय पडायचा तिथे, दाणे झिजून वर्षाच्या आत गुळगुळीत होऊ लागले. आणि आपल्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे; माझ्या साडीच्या पिनासुद्धा पाकिटात गंजायच्या. खारट दमटपणा त्या दाण्यांच्या मधल्या खळग्यांत बसून राहतो, गुळगुळीत रंगावरून पावसानं धुतला जाईल तसा जात नाही. मग जोडांपाशी, पत्र्याच्या कडांना, आतून गंज धरतो. वरून काही दिसत नाही. हाच या रंगाचा दोष, तो पोचे झाकतो तसा गंजही झाकतो. एखाद्या दिवशी पापुद्रा उचलला की खाली सगळं तांबडं. म्हणून दर पोंगलनंतर आपण तो खरवडून पुन्हा द्यायचो. इतर घरांत लोणच्याचा दिवस असतो तसा आपला जिन्याचा दिवस. तुम्ही खुर्चीवर, मी पायरीवर. त्या दिवसांत मी तुम्हाला सांगलीच्या गोष्टी सांगितल्या, मला मूल होत नव्हतं त्याबद्दल सांगितलं. तुम्ही उपाय सुचवला नाहीत, नवस सांगितला नाहीत. म्हणालात, घरात मुलं आली तर येऊ देत, नाही आली तर तू तर आलीसच की. मी चष्म्याआड रडले. तुम्हाला ते दिसलं नसेल, पण ब्रशचा आवाज थांबला होता.

मग एका संध्याकाळी मामी वर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही कठड्यापाशी उभ्या राहून परत यायचात आणि म्हणायचात, गुडघे दुखत असतील. काही दिवस असे गेल्यावर तुम्ही मला पाठवलंत, पुढच्या रस्त्यानं वळसा घालून. दाराला कुलूप होतं. समोरच्या घरातल्या बाईनं सांगितलं की मामींचा मुलगा येऊन त्यांना कोइंबतूरला घेऊन गेला. त्यांना आठवण राहत नव्हती, एकदा बाजारातून घर सापडलं नव्हतं. नंबर मात्र तिनं दिला. मी घरी येऊन तुम्हाला जसं ऐकलं तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, लाव फोन. मी फोन स्पीकरवर ठेवला. सुनेनं मामींच्या हातात दिला. तुम्ही तमिळमध्ये म्हणालात, अगं मी, गच्चीवरून. पलीकडे काही वेळ श्वास ऐकू आला. मग मामींनी विचारलं, "नींगा यारु?" आपण कोण. 'नी' नाही, 'नींगा'. अनोळखी, मानाच्या माणसाला विचारतात तसं. मला वाटलं तुम्ही आठवण करून द्याल, वडाम, साड्या, काहीतरी. तुम्ही तुमचा आवाज सावरलात आणि त्यांना तितक्याच आदरानं उत्तर दिलंत, की काही नाही हो, सहज चौकशी केली, तब्येत संभाळा. मग हात पुढे करून फोन चाचपलात. मी तो बंद केला.

त्या दिवसानंतर तुम्ही वर गेला नाहीत. पाय दुखतो म्हणालात, मग वारा लागतो म्हणालात, मग काहीच म्हणाला नाहीत. कपडे मी वाळत घालायचे. पोंगल आला, गेला, मी ब्रश आणि डबे काढले, खुर्ची बाहेर मांडली. यंदा नको, म्हणालात. मी हट्ट केला. म्हटलं, कधी वाटलं तर तयार असू दे. "पोदुम ग," म्हणालात. पुरे. तरी मी एका सकाळी एकटीनं सगळा जिना खरवडला, धुतला, प्रायमर दिला, रंग मारला. पहिल्या आणि शेवटच्या पायरीला जास्त जाड. कुणी विचारत नव्हतं आता काय करतेस, म्हणून काम लवकर झालं. आणि आई, तो थर सगळ्यांत चांगला टिकला. पावसाळा आला, गेला; दाणे तसेच टोकदार, मधोमध एकही झिजलेली जागा नाही. मी कामाच्या सवयीनं वाकून पाहिलं आणि क्षणभर मला आनंद झाला, की शेवटी जमलं. मग तो का टिकला ते लक्षात आलं आणि मी तिथेच पायरीवर बसले.

पुढच्या मार्गळीत, पोंगलच्या आधीच्या थंडीच्या महिन्यात, तुमच्या छातीत कफ भरला. दवाखान्यातून घरी आणलं ते तुमच्याच सांगण्यावरून. शेवटच्या दिवसांत एकदा विचारलंत, असके जेवले का, तेव्हा घरात तुमचा लेक आणि मी दोघंच होतो. गेलात तेव्हा तुमचे पाय मी धुतले. एके काळी तुमच्या तळव्यांना रंगाचे बारीक दाणे चिकटलेले असायचे, टाचा खडबडीत, रात्री तेल लावून द्यायचे तर हाताला टोचायच्या. त्या दिवशी ते तळवे मऊ होते, लहान मुलासारखे. जमलेल्या बायका म्हणाल्या, शेवटपर्यंत किती स्वच्छ राहिल्या. मी पाणी ओतत राहिले.

तुमच्यानंतर आम्ही काही काळ तिथेच राहिलो, मग इकडे आलो आणि घर भाड्यानं दिलं. जिन्याला पुन्हा कुणी रंग दिला नाही. आज कापताना पाहिलं, पायऱ्यांचा पत्रा आतून पार खाल्लेला, हातानं मोडेल असा, आणि वर मात्र अजून कुठे कुठे तो खरखरीत थर शाबूत. कापणारा म्हणाला, अम्मा, हा जिना नुसत्या रंगावर उभा होता. माणसं टेम्पोत लोखंड भरत होती, मी गेटपाशी उभी राहिले, टेम्पो वळेपर्यंत.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला वाचून दाखवणारी मीच होते. घडी करून ठेवेन कुठेतरी. मघाशी लिहिता लिहिता सांगलीहून माझ्या आईचा फोन आला होता. माझा आवाज ऐकून तिनं काळजीनं विचारलं, काय झालं ग? मी घराचं सांगितलं. ती म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेतेस, सासूचं जुनं घर ते, तुझं थोडंच होतं. मी तिला 'हो ना' म्हणाले.